नहर, हौद आणि हिरवळ

मे महिन्यात आमच्या मोहल्ल्यात सलामनंतर लोक तब्येत विचारत नाहीत, ‘नल आया क्या?’ असं विचारतात. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येणारे उन्हाळे आम्ही पाहिले आहेत. पिंप, हंडे, टाकी, कूलरची टाकी, सगळं भरून ठेवायचं आणि मग आठवडाभर मोजत वापरायचं. अशाच एका आठवड्यात मी मशिदीत वुजू करत होतो. शेजारी एक दहा-बारा वर्षांचा मुलगा नळ पूर्ण सोडून पाय चोळत होता. मी त्याला टोकलं. तो म्हणाला, “चाचा, ये तो मस्जिद का पानी है.”

मला उत्तर सुचलं नाही. कारण त्या नळांच्या बाजूने कधीकाळी मीच हात वर केला होता.

पूर्वी तिथे हौद होता. हनफी फिकहप्रमाणे दहा हात लांब, दहा हात रुंद, ज्याला ‘दह दर दह’ म्हणतात. एवढ्या मोठ्या पाण्याला थोडक्या वापराने नापाकी लागत नाही, असा नियम. काठावर उकिडवं बसायचं, ओंजळीने पाणी घ्यायचं, वापरलेलं पाणी पायांजवळच्या नालीतून जायचं. हौदात शेवाळ धरतं, जागा अडते, नळ स्वच्छ असतात, असे मुद्दे पुढे आले. आम्ही तरुण मंडळींनी ते उचलून धरले आणि हौद बुजवला. मुद्दे खोटे नव्हते. पण हौद गेला आणि पाण्याची पातळीही डोळ्यांआड गेली. हौदाचं पाणी दोन पायऱ्या खाली गेलं की सगळ्या जमातला दिसायचं. गच्चीवरच्या काळ्या टाकीत किती उरलंय हे एकट्या मुअज्जिनला ठाऊक असतं.

या शहरात राहून पाण्याची तक्रार करताना मला थोडी लाजही वाटते. हे शहर ज्याने वसवलं, तो माणूस पाण्याचाच जाणकार होता. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर दख्खनेत आला, निजामशाहीचा पेशवा झाला आणि 1610 च्या सुमारास त्याने खडकी हे गाव राजधानीसाठी निवडलं. मराठा सरदारांनी इथे पुरे वसवले. मालपुरा हे नाव मालोजी भोसल्यांवरून आलं. 1616 मध्ये रोशनगावच्या लढाईनंतर मोगल फौजेने खडकी लुटली, जाळली. त्यानंतर शहर पुन्हा उभं करताना अंबरने जे काम काढलं, ते म्हणजे नहर-ए-अंबरी.

अंबर म्हटलं की आपल्याकडे गनिमी कावा आठवतो, भातवडी आठवते. 1624 मध्ये तिथल्या तलावाचं पाणी सोडून त्याने मोगल आणि आदिलशाही छावणीत चिखल करून टाकला. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने होते, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. शाळेच्या पुस्तकात एवढं येतं. पाण्याने शत्रू बुडवणारा अंबर लक्षात राहतो. पाण्याने शहर जगवणारा मात्र टुरिस्ट गाइडच्या दोन वाक्यांत संपतो.

नहरीची रचना समजून घेतली तर ती साधी आहे, आणि म्हणूनच मोठी आहे. शहराच्या उत्तरेला डोंगर आणि उंच माळ, शहर खाली. उंचावरच्या जमिनीत मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बांधीव बोगद्यात झिरपून गोळा होतं आणि उतारावरून आपोआप शहराकडे येतं. मोट नाही, रहाट नाही. वाटेत ठिकठिकाणी उभी भोकं ठेवलेली, हवेसाठी आणि उतरून गाळ काढण्यासाठी. शहरात आल्यावर खापरी नळ आणि उंच मनोरे, ज्यांना आपण बंबे म्हणतो. बंब्यात पाणी आपल्या दाबाने वर चढतं, अडकलेली हवा निघून जाते आणि पाणी पुढच्या वस्तीकडे उतरतं. पुढे औरंगजेबाच्या काळात आणि त्यानंतरही अशा नहरी वाढत गेल्या.

सगळं पाणी जमिनीखालून नेण्यात उन्हाळ्याचाच विचार होता. मराठवाड्याच्या मे महिन्यात उघडं पाणी सूर्य पिऊन टाकतो. झाकलेलं पाणी थंड राहतं, उडून जात नाही. इराणात कनात, बुऱ्हाणपुरात कुंडी भंडारा, विजापुरात सुरंग बावडी, सगळीकडे हेच तत्त्व. आणि नहर जमिनीत मुरतं तेवढंच देते. जास्त हवं म्हणून बटण दाबता येत नाही.

पाणचक्कीवर आजही हे पाहता येतं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात नहरीचं पाणी खापरी नळांतून उंच भिंतीवर चढतं, तिथून हौदात कोसळतं. त्याच जोरावर खाली पाणचक्की फिरायची, फकीर आणि मुसाफिरांसाठी दळण निघायचं. पण मला चक्कीपेक्षा तिथल्या हौदाचं जास्त नवल वाटतं. त्याचा तळ म्हणजे खालच्या प्रशस्त दालनाचं छत आहे. वर पाणी, खाली मुसाफिरांना गारवा. एकच पाणी पडताना दळतं, साठून वुजूला येतं, नुसतं असण्यानेच खालची खोली थंड ठेवतं. पलीकडे खाम नदी आहे. तिचं काय झालंय ते शहरातल्या लोकांना सांगायला नको.

आता हिरवळीकडे येतो. बीबी का मकबऱ्यात गेलं की लोक लॉनवर बसून फोटो काढतात आणि ‘मोगल गार्डन’ म्हणतात. मोगल चारबागेत असं कातरलेलं गवत मुख्य नसायचं. तिथे फळझाडं असायची, फुलझाडं असायची. पायवाटा उंच आणि वाफे खोल, म्हणजे पाटातून सोडलेलं पाणी वाफ्यात थांबेल, झाडाच्या मुळाशी मुरेल. ताजमहालासमोरची मोकळी हिरवळ ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड कर्झनच्या काळातली आवड आहे. तिथली दाट झाडी काढून इंग्रजी पद्धतीची लॉन केली गेली. जिथे वरचेवर पाऊस पडतो त्या देशाचं गवत आपण आपल्या स्मारकांत, बंगल्यांत, आणि आता सोसायट्यांत आणलं. त्याचं बिल मे महिन्यात येतं.

हिशेब कठीण नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गवत हिरवं ठेवायचं तर रोज सहा मिलिमीटर तरी धरा. पाचशे चौरस मीटरच्या लॉनला रोज तीन हजार लिटर. शहरी माणसाला दिवसाला 135 लिटर हे सरकारी प्रमाण मानलं, तर ते बावीस माणसांचं पाणी झालं. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत टँकरसाठी वर्गणी काढतात आणि दुपारी बारा वाजता लॉनवर फवारे सुरू असतात. माळ्याला विचारलं तर म्हणतो, साहेबांनी सांगितलंय.

2016 चा एप्रिल आठवा. 12 तारखेला मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातुरात पोहोचली, दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. मैदानांना लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न कोर्टात गेला होता. तेव्हा बऱ्याच जणांनी म्हटलं, सामने हलवल्याने लातूरला थोडंच पाणी मिळणार आहे? ते खरंच होतं. पण रेल्वेने पाणी येत असताना गवत भिजवणं कुणाच्या तरी डोळ्यांत खुपलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. एरवी ते खुपतसुद्धा नाही.

गवताला नावं ठेवताना स्वतःचा नळही तपासावा लागतो. हदीसमध्ये येतं की पैगंबर (स.) एका मुद्दभर पाण्यात वुजू करत आणि एक साअ, फार तर पाच मुद्द पाण्यात अंघोळ. मुद्द म्हणजे पाऊण लिटरहून थोडं कमी, चार मुद्दांचा एक साअ. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वुजूत पाणी उधळू नका, अशीही शिकवण आहे. ही रिवायत आम्ही सगळे जुम्म्याच्या बयानात ऐकतो, मान डोलावतो. एकदा मी घरी बेसिनच्या नळाखाली बादली ठेवून वुजू केला आणि पाणी मोजलं. सहा लिटरच्या आसपास भरलं. नऊ वुजूंचं पाणी मी एकात वापरत होतो, तेही घाईत.

नानीकडे टोटीचा लोटा होता. ती अंगणातल्या लिंबाच्या झाडाजवळ पाटावर बसून वुजू करायची. आळं खोल केलेलं, पाणी तिथेच मुरायचं. तांदूळ धुतलेलं पाणीही तिथेच. आम्ही नळ सुरू ठेवला की म्हणायची, “पानी का भी हिसाब देना पडता बाबा.” तिने ‘जलसंवर्धन’ हा शब्द कधी ऐकला नसेल. त्या झाडाला कुणी वेगळं पाणी घातलेलं मला आठवत नाही, आणि लिंबं मात्र सगळ्या गल्लीत जायची.

त्या मुलाच्या उत्तरानंतर मी मशीद कमिटीत दोन गोष्टी मांडल्या. हौद पुन्हा बांधा असं म्हणण्याची हिंमत झाली नाही, तो बुजवणाऱ्यांत मी होतो हे सगळ्यांना माहीत आहे. म्हटलं, नळांच्या टोट्या बदलू, बारीक धारेच्या लावू. आणि वुजूचं पाणी गटारात सोडण्याऐवजी मागच्या कडुनिंबांकडे नेऊ. टोट्या बदलून झाल्या. एक बुजुर्ग पहिल्या दिवशी चिडले, म्हणाले, या धारेत वुजू करता करता रकात निघून जाईल. आता तेच काठावर लोटा घेऊन बसतात. पाइपसाठी फरशी फोडावी लागणार आहे. ते काम पावसाआधी उरकायचं ठरलंय, गवंडी अजून मिळालेला नाही.