चिठ्ठीने दिलेली पहिली रांग

नाटकगृहातील पहिली रांग धनिकांची, हा संकेत आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही वावगे आहे असे आपल्याला वाटतही नाही. ज्याचा खिसा जड तो रंगमंचाजवळ बसावयाचा आणि ज्याचा हलका तो मागे पिटात. जुलै १९२१ मध्ये मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग केला, तेव्हा सर्वांत वरच्या दर्जाचे तिकीट शंभर रुपयांचे होते. कार्य थोर होते आणि त्यासाठी पैसा हवाच होता. परंतु त्या दोन गळ्यांवर जीव टाकणाऱ्या कित्येक रसिकांना तो दर स्वप्नातही परवडणारा नव्हता.

या संकेताच्या उलट घडलेली एक कथा आज सांगावयाची आहे. ती न्यूयॉर्कची आहे.

जोनाथन लार्सन नावाचा एक तरुण संगीतकार त्या शहरात राहत असे. उपजीविकेसाठी त्याने जवळजवळ दहा वर्षे एका उपाहारगृहात वाढप्याचे काम केले. पुच्चिनीचा ‘ला बोहेम’ हा ऑपेरा १८९६ साली तुरिन येथे प्रथम रंगभूमीवर आला होता. त्यातील निर्धन कलावंतांची कथा लार्सनने आपल्या काळात आणि आपल्या वस्तीत आणली. क्षयाच्या जागी एड्स आला, पॅरिसच्या जागी न्यूयॉर्कचा ईस्ट व्हिलेज आला. घरभाडे थकलेल्या तरुणांच्या या संगीतिकेचे नावच ‘रेंट’, म्हणजे भाडे. २५ जानेवारी १९९६ रोजी प्रेक्षकांसमोर तिचा पहिला पूर्वप्रयोग व्हावयाचा होता. त्याच दिवशी पहाटे महारोहिणी फाटून लार्सनचा मृत्यू झाला. तो अवघा पस्तीस वर्षांचा होता.

छोट्या नाट्यगृहात नाटक विलक्षण गाजले आणि २९ एप्रिल १९९६ रोजी ते ब्रॉडवेवर आले. तेथे एक विसंगती उभी राहिली. नाटक भाडे न देऊ शकणाऱ्यांचे, आणि वरच्या तिकिटाचा दर साडेसदुसष्ट डॉलर! ज्यांचे जिणे रंगमंचावर गायिले जात होते, तेच दाराबाहेर राहणार. यावर निर्माते जेफ्री सेलर आणि केविन मॅकॉलम यांनी एक तोड काढली. पहिल्या दोन रांगांतील चौतीस खुर्च्या त्यांनी दररोज केवळ वीस डॉलरना देऊ केल्या. स्वस्त जागा मागच्या नव्हेत, अगदी पुढच्या! लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात सोळाव्या शतकाच्या अखेरीस एक पेनी देणारा सामान्य माणूस रंगमंचाला खेटून उभा राहत असे. तो जुना मान जणू त्याला परत मिळाला.

आरंभी ‘जो आधी येईल त्याला’ असा नियम होता. त्यामुळे तरुण मुले-मुली आदल्या रात्रीच पथाऱ्या टाकून पदपथावर झोपू लागली. यात धोका होता. शिवाय त्यात एक सूक्ष्म अन्यायही होता, असे मला वाटते. रात्रभर रांगेत राहावयाला पैसा लागत नसला तरी मोकळा वेळ आणि धडधाकट शरीर लागते. दिवसभर राबून थकलेल्या मजुराजवळ यांपैकी काय असते? १९९७ साली ही पद्धत बदलून चिठ्ठ्या टाकण्याची पद्धत आली. प्रयोगापूर्वी नाव द्यावयाचे, आणि पुकारले गेले की वीस डॉलर देऊन आत जावयाचे.

चिठ्ठी ही आपल्याला परकी नाही. कोकणात देवापुढे कौल लावतात. बायबलातही यहूदाच्या रिकाम्या झालेल्या स्थानी मत्थियाची निवड प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकूनच केली. माणसाच्या हातून पक्षपात होईल अशी शंका आली की माणूस चिठ्ठीचा आश्रय घेतो. शाळेत सहलीच्या जागा अपुऱ्या पडल्या म्हणजे आम्ही शिक्षकही हेच करतो. नाव वाचले जाते त्या क्षणी मुलाच्या तोंडावर जे उमटते, ते पहिला क्रमांक आल्यावरही क्वचितच दिसते. गुणांनी मिळालेल्या यशात आपण ते मिळविल्याचा अभिमान असतो. चिठ्ठीने मिळालेल्या जागेत निखळ नवल असते.

‘रेंट’चे ५,१२३ प्रयोग होऊन ७ सप्टेंबर २००८ रोजी ते थांबले. सेलर यांनीच पुढे लिन-मॅन्युएल मिरांडा यांचे ‘हॅमिल्टन’ रंगभूमीवर आणण्यात प्रमुख भाग घेतला. ॲलेक्झांडर हॅमिल्टनची प्रतिमा अमेरिकेच्या दहा डॉलरच्या नोटेवर आहे, म्हणून येथे पहिल्या रांगेतील एकवीस जागा दहा डॉलरना ठेवल्या गेल्या. १३ जुलै २०१५ रोजी पहिल्या सोडतीला सुमारे सातशे माणसे जमली. गर्दी निराश होऊन परतू नये म्हणून मिरांडा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच छोटेखानी कार्यक्रम करू लागले. ज्यांचे नाव निघाले नाही, तेही काही ऐकून घरी गेले.

जानेवारी २०१६ मध्ये सोडत इंटरनेटवर नेली, तेव्हा पहिल्याच दिवशी पन्नास हजारांहून अधिक नावे आली आणि यंत्रणाच कोलमडली. एका खुर्चीमागे दोन हजारांवर माणसे! त्याच वर्षी निवडक तिकिटांचा दर ८४९ डॉलरवर गेला. सोबत सोडतीच्या जागा एकवीसवरून शेहेचाळीस झाल्या. येथे चिठ्ठीची मर्यादा उघड होते. चिठ्ठी पक्षपात टाळते, पण टंचाई दूर करीत नाही. आणि शेकडो डॉलरच्या खुर्च्यांपुढे मांडलेल्या काही स्वस्त खुर्च्या हे औदार्य की जाहिरात, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

म्हणून मला या कथेतील शेवटचा भाग अधिक मोलाचा वाटतो. रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या देणगीतून २०१६ साली न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतील अकरावीच्या वीस हजार विद्यार्थ्यांना ‘हॅमिल्टन’ दाखविण्याची योजना सुरू झाली. मुलांनी दहा डॉलर द्यावयाचे, आधी वर्गात त्या काळाची मूळ कागदपत्रे अभ्यासावयाची आणि मग नाटक पाहावयाचे. त्यांच्यापैकी काहींनी प्रयोगाच्या दिवशी स्वतः रचलेली गीते त्याच रंगमंचावर सादर केली. येथे सोडत नव्हती. संपूर्ण वर्गच्या वर्ग आत गेला.

चिठ्ठीतले नवल गोड आहे, आणि ज्याला ते लाभले त्याचा हेवा करू नये. परंतु शाळेत नावे पुकारताना माझे लक्ष नेहमी ज्यांची नावे राहिली त्यांच्याकडे जाते. त्यांच्यासाठी दुसरी गाडी ठरविता आली, तरच ती सहल पुरी झाली असे म्हणावे.