टगवरील इंजिनियर : एका अप्रसिद्ध सेवेचा इतिहास

आपल्या ज्ञातीचा इतिहास सांगताना गलबते, नाखवे आणि तांडेल यांचा गौरव आपण नेहमी करतो, आणि तो यथायोग्यच आहे. परंतु शिडाचा काळ मागे पडून वाफेचे युग आले, तेव्हा ज्या ज्ञातिबांधवांनी मुंबई बंदरातील टगांच्या इंजिनखोलीत आयुष्य वेचले, त्यांची नोंद आम्हांस आपल्या दप्तरात कोठेच आढळत नाही. ही उणीव अंशतः भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

टग म्हणजे मोठ्या जहाजास ओढून वा रेटून धक्क्यास लावणारी लहान, पण बळकट बोट. १८०३ साली स्कॉटलंडमधील फोर्थ-क्लाइड कालव्यात विल्यम सिमिंग्टन यांच्या ‘शार्लट डंडास’ या वाफेच्या बोटीने उलट्या वाऱ्यात दोन पडाव सुमारे ३० किलोमीटर ओढून नेले. तोच या विद्येचा प्रारंभ म्हणावयाचा. मुंबईत १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८८० साली प्रिन्सेस, त्यानंतर व्हिक्टोरिया आणि १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी झाली. पहिल्या दोन गोद्यांचे दरवाजे भरतीच्या सुमारासच उघडत. थंड बॉयलरमध्ये वाफ धरण्यास कित्येक तास लागत. म्हणून पहाटेच्या भरतीसाठी आगवाल्यांस आदल्या रात्रीच भट्टी पेटवावी लागे. वेळेवर वाफ तयार ठेवण्याची जबाबदारी इंजिनियरची.

हे काम वाटते तितके सोपे नव्हे. बॉयलरच्या काचनळीतील पाण्याची पातळी फार खाली गेली, तर भट्टीचा माथा तापून स्फोट होण्याचे भय. बेअरिंग तापले की नाही हे हाताने चाचपून, आणि इंजिनचा सूर बिघडला की नाही हे कानाने ओळखावयाचे. बाहेर काय चालले आहे ते इंजिनियरला दिसत नसे. टेलिग्राफची घंटा वाजली की त्याच क्षणी इंजिन पुढे, मागे वा बंद करावयाचे. थोडा विलंब झाला तरी जहाज धक्क्यावर आदळावे! शिवाय ताणलेला दोर आडवा आला, तर मोठे जहाज टगला ओढून क्षणार्धात उलथवू शकते. अशा वेळी खाली असलेल्यांस वर येण्यास अवधी मिळणे कठीण. हे ठाऊक असूनही ही माणसे घंटेची वाट पाहत खाली उभी राहिली.

१९१७ च्या अंतर्देशीय वाफबोटींच्या कायद्यात सारंग व इंजिन ड्रायव्हर यांस परीक्षेनंतर प्रमाणपत्र देण्याची तरतूद होती. असा कागद घरी आला, म्हणजे कोळसा ओढणाऱ्या हातांस प्रतिष्ठा लाभे.

आज वाफेचे टग गेले. डिझेल इंजिने आली. प्रिन्सेस व व्हिक्टोरिया या गोद्याही बुजविल्या गेल्या. इंजिनचा वेग आता वरूनच आवरता येतो. तथापि तेल, थंड पाणी, पंप आणि आग यांची राखण इंजिनियरकडेच आहे.

ज्ञातिबंधुभगिनींस आमची विनंती एवढीच, की आपल्या आजोबा-पणजोबांची प्रमाणपत्रे जुन्या पेटीत वाळवीच्या स्वाधीन करू नयेत. घरातील वडीलधाऱ्यांस विचारून त्यांची हकीकत लिहून घ्यावी व प्रमाणपत्रांच्या प्रतींसह संस्थेकडे द्यावी. शेकडो जहाजे ज्यांनी सुखरूप धक्क्यास लावली, त्यांची नावे तरी बुडू देऊ नयेत.