तंजावूरचा बेवड

तंजावूरच्या राजवाड्यात जाणारा मराठी माणूस बहुधा सरस्वती महाल ग्रंथालय आणि सरफोजी राजांचा संगमरवरी पुतळा पाहून परततो. प्रशासनात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला मात्र तेथे निराळाच प्रश्न पडतो. १६७६ च्या सुमारास एकोजीराजांनी स्थापिलेले हे राज्य १८५५ पर्यंत कशाच्या बळावर टिकले? त्याचे उत्तर राजवाड्याच्या तटाबाहेर, कावेरीच्या भातखाचरांत आहे.

आपल्याकडे बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावा, असे सांगतात. पेरणी लांबली की दाणा भरण्याच्या वेळी ऊन तापते, दाणा बारीक राहतो आणि उतारा घटतो. आधी मूग किंवा सोयाबीन घेतलेले असेल तर गव्हाला चांगला बेवड लाभतो. तंजावूरला गहू पिकत नाही; नियम मात्र तोच आहे.

तेथे भाताचे तीन हंगाम आहेत. जून-जुलैत लावलेला कमी मुदतीचा 'कुरुवै' ऑक्टोबरातील मोठ्या पावसाआधी घरात यावा लागतो. त्याच शेतात मग 'ताळडी' लावतात. एकच पीक घेणारा शेतकरी ऑगस्टपासून दीर्घ मुदतीचा 'सांबा' घेतो. जानेवारीच्या आसपास भात कापणीला येण्यापूर्वी आठ-दहा दिवस उभ्या पिकातच उडीद वा मूग फोकून देतात. उरलेली ओल आणि दव एवढ्यावर तो सत्तर-एक दिवसांत तयार होतो आणि जमिनीला नत्र देतो. भात उशिरा निघाला तर ओल उडते व उडीदही हातचा जातो. एक तारीख चुकली की तिची किंमत दोन-तीन पिकांना मोजावी लागते, ती अशी.

मराठी राजवटीत कावेरीवर पाणी साठवणारे मोठे धरण नव्हते. कर्नाटकातील पावसाने कावेरीला पूर आला की पाणी कालव्यांतून वाहू लागे. आडी महिन्याच्या १८ व्या दिवशी नदीची पूजा आजही होते, तिचे मूळ या प्रतीक्षेत आहे. १७९९ च्या तहाने सरफोजी राजांकडे किल्ला व राजवाडा उरला आणि मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. पात्रात गाळ साचून कावेरीचे पाणी कोल्लिडम शाखेकडे वळू लागले होते. ते रोखण्यासाठी आर्थर कॉटन यांनी १८३६ मध्ये कोल्लिडमवर बंधारा घातला. राज्याचा धनी बदलला तरी पाणी वेळेवर आणण्याची जबाबदारी सुटली नाही.

१९३४ मध्ये मेट्टूर धरण पूर्ण झाले. त्याची साठवण ९३.४७ टीएमसी आहे. १२ जूनला पाणी सोडायचे व २८ जानेवारीला बंद करायचे, असा प्रघात पडला. परंतु वरच्या राज्यातून येणाऱ्या पाण्यावर ही तारीख अवलंबून आहे. २०१२ मध्ये धरण उघडायला १७ सप्टेंबर उजाडला, २०२४ मध्ये २८ जुलै. याउलट २०२२ मध्ये ते २४ मे रोजीच उघडले. २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कर्नाटकाने तमिळनाडूला सोडायचे पाणी १७७.२५ टीएमसी ठरले. पण हा आकडा वर्षाचा आहे आणि शेतकऱ्याला पाणी हवे असते ते महिन्याचे.

विलंबाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्याकडे कूपनलिका आहे तो कुरुवैची रोपे वाचवितो. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याचा हंगाम मात्र बुडतो, आणि त्याबरोबर लावणी-कापणीच्या मजुरांचा रोजगारही बुडतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते, की तंजावूरला गेल्यास राजवाडा पाहून झाल्यावर एखाद्या कालव्याच्या काठानेही चालावे. आपल्या पूर्वजांचा ग्रंथसंग्रह ज्या महसुलावर जमला, तो या खाचरांनी दिला होता. पाणी किती द्यायचे हे ठरविण्यात आपले प्रशासन बराच काळ खर्ची घालते. ते केव्हा द्यायचे, यालाही तेवढेच महत्त्व द्यायला हवे.