रक्ताची साक्ष

‘द किड’ (१९२१) या चित्रपटात चार्ली चॅप्लिन टाकून दिलेले पोर पोटाशी धरतो. पुढे तोच न्यायालयात एका मुलीचे पितृत्व नाकारीत उभा राहिला! १९४४ साली रक्त तपासले: आईचे ‘ए’ गटाचे, चॅप्लिनचे ‘ओ’, मुलीचे ‘बी’. अर्थात पिता तो नव्हेच. परंतु कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ही साक्ष निर्णायक नव्हती. १९४५ मध्ये १२ पैकी ११ ज्यूरींनी त्यालाच पिता ठरविले. मुलगी २१ वर्षांची होईतो आठवड्याला ७५ डॉलर पोटगी! तज्ज्ञांचे एकमत असल्यास रक्ताचा कौल मानावा, असा कायदा १९५३ साली झाला. ज्यूरीने सत्य डावलले खरे. पण ती तपासणी ‘हा बाप नव्हे’ एवढेच सांगे. दीड वर्षाच्या त्या लेकराला दूध कोणी पाजायचे, याचे उत्तर तिच्यापाशी नव्हते.