स्टेपनी

दिवाळीनंतरची गोष्ट. या वयात झोप पहाटे चारलाच उडते, मग उगाच कूस बदलत पडण्यापेक्षा मी फिरायला निघतो. यारी रोडवरून वर्सोवा कोळीवाड्याच्या बाजूला जायचे, खाडीवरचा वारा घ्यायचा आणि परत यायचे, हा नेम. त्या दिवशी कोळीवाड्याच्या तोंडाशी एक पिकअप एका बाजूला कलून उभी दिसली. मागचे चाक बसले होते. हौद्यात मासळीचे क्रेट, त्यातून बर्फाचे पाणी टपटपत होते. शेजारी चार कोळणी पदर खोचून उभ्या, आणि ड्रायव्हर रस्त्यावर उकिडवा बसून गाडीखाली बघत होता.

"सर, तुम्ही?" त्याने मान वर केली. माझाच जुना विद्यार्थी निघाला. चाळिशी उलटली आहे, पण चेहरा आठवीतलाच.

पंक्चर ही काही मोठी आपत्ती नव्हे. स्टेपनी काढायची, चाक बदलायचे, वीस मिनिटांचे काम. पण इथे स्टेपनीच उतरेना! अशा गाड्यांत हौदा मालासाठी मोकळा हवा, म्हणून जादा चाक मागच्या बाजूला सांगाड्याखाली टांगलेले असते. चाकाच्या मधल्या भोकातून एक पट्टी आडवी घातलेली, तिला तारेचा दोर, आणि तो दोर वर एका छोट्या गरारीवर गुंडाळलेला. मागच्या बंपरजवळच्या भोकातून लांब दांडा घालून फिरवला की दोर सुटतो आणि चाक खाली येते. कागदावर सोपे आहे.

दांडा आधी फिरेचना. त्याला पाइप जोडून दोघांनी जोर लावला तेव्हा कर्रकन फिरला, दोर सैल पडला, पण चाक जागचे हलले नाही. वर्षानुवर्षे मासळीचे खारे पाणी त्याच्यावर ठिबकत होते. पट्टी, चाक आणि वरचा लोखंडी आधार गंजाने एकजीव झाले होते. शाळेत विज्ञान शिकवणारे आमचे सहकारी सांगत की लोखंडाला गंजायला हवा आणि पाणी लागते, पण पाण्यात मीठ असले की त्याच्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया कितीतरी झपाट्याने होते. आम्ही कोकणातली माणसे हे विळीकोयत्यांवरून शिकलो होतो.

"म्हावरं काय आपल्यासाठी थांबत नाय, मास्तर," त्यातली वयस्क बाई मला म्हणाली. तिचा सूर रागाचा नव्हता, हिशेबाचा होता. बाजार उजाडताना जो भाव मिळतो तो आठ वाजता मिळत नाही. त्या क्रेटमध्ये चार घरांचा त्या दिवसाचा पैसा होता.

घाईला आलेला त्याचा मदतनीस पोरगा, असेल अठरा-एकोणीसचा, हातोडा घेऊन सरळ गाडीखाली सरपटत गेला. गाडी जॅकवर, वर भरलेला माल, आणि दोर सैल झालेले ते जड चाक बरोबर त्याच्या छातीवर! मी आयुष्यभर वर्गात वापरला तो आवाज निवृत्तीनंतर पहिल्यांदाच काढला, "बाहेर ये आधी!" पोरगा बाहेर आला. कोळणीसुद्धा गप्प झाल्या.

मग नाक्यावरच्या पंक्चरवाल्याला उठवून आणले. त्या माणसाने काही घाई केली नाही. आधी पुढच्या चाकांना दगड लावले, सांगाड्याखाली लाकडी ठोकळे दिले. स्टेपनीच्या मधोमध रॉकेल ओतले आणि विडी ओढायला लांब जाऊन बसला. नंतर दुसरा जॅक स्टेपनीच्याच खाली लावून ती अंगुळभर वर ढकलली, म्हणजे गंजाची पकड तुटते, मग जॅक उतरवला आणि बाहेर उभे राहूनच लांब पहारीने दोन टोले दिले. धप्पकन चाक खाली पडले. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. पंक्चरवाल्याने त्याच्यावर अंगठा दाबला आणि हसला. स्टेपनीत हवाच नव्हती!

हवा भरून, चाक बसवून गाडी निघाली तेव्हा पावणेसात वाजले होते. भाव पडलेला असणार हे त्या बायकांना तिथेच ठाऊक होते.

घरी येऊन चहा घेताना तो शब्द डोक्यात घोळत राहिला. स्टेपनी. आपण तो इतका सहज वापरतो की मराठीच वाटावा. वास्तविक ते एका रस्त्याचे नाव आहे. वेल्समध्ये लानेली नावाचे गाव आहे, पत्र्याच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले. तिथल्या स्टेपनी या जमीनदार घराण्याच्या नावावरून तिथे स्टेपनी स्ट्रीट झाली, आणि त्या रस्त्यावर टॉम आणि वॉल्टर डेव्हिस या भावांचा उद्योग होता. त्या काळच्या मोटारींना जादा चाक नसेच. चाक गाडीपासून सुटे होत नसे. रस्ते घोडागाड्यांचे, म्हणजे नालांच्या खिळ्यांनी भरलेले. खिळा घुसला की भर रस्त्यात टायर उचकटायचा, आतली नळी काढायची, ठिगळ लावायचे आणि पंपाने हवा भरायची. डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट १८८८ साली घेतले. त्याने प्रवास मऊ झाला, पण ही कटकटही सोबत आली.

१९०४ मध्ये टॉम डेव्हिसने युक्ती काढली. आऱ्या नसलेली नुसती धाव, तिच्यावर हवा भरलेला टायर. पंक्चर झालेले चाक काढायचे नाही, ही धाव त्याच्या बाजूला चापांनी पक्की करायची आणि घर गाठायचे. म्हणजे मूळ स्टेपनी बदली चाक नव्हतीच, ती पंक्चर चाकाला दिलेला खांदा होती. १९०६ मध्ये कंपनी निघाली आणि माल जगभर गेला. पुढे सुटी होणारी चाके आली, संपूर्ण जादा चाक बाळगणे सोपे झाले आणि डेव्हिसची धाव इतिहासजमा झाली. इंग्लंडमध्ये तो शब्दही विसरला गेला. आपल्याकडे मात्र तो गावोगावच्या गॅरेजात टिकला. ज्या वस्तूचे ते नाव, ती वस्तू आपल्यापैकी कुणी पाहिलेलीही नाही!

पूर्वी ही स्टेपनी डोळ्यांसमोर असे. जीपच्या मागे किंवा बाजूला लटकलेली, पद्मिनी टॅक्सीच्या डिकीत सामानाशी भांडणारी. (त्या टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या.) डिकी उघडली की ती दिसे, हाताने दाबून बघितली जाई. गाडीखाली गेली तेव्हा जागा वाचली, पण नजरेतून ती उतरली. आता तर ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असेल तर छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी नसली तरी चालते, असा नियम २०२० मध्ये झाला आहे.

असो. आठवड्याने तो विद्यार्थी घरी आला, पेढे घेऊन. निघताना जरा घुटमळला. म्हणाला, "सर, एक सांगू? आम्ही तुम्हाला स्टेपनी म्हणायचो."

मला ते ठाऊक होते. शेवटच्या काही वर्षांत माझे तास कमी झाले होते. कुणी शिक्षक रजेवर गेले की त्या वर्गावर मला पाठवत. मी दारात दिसलो की मागच्या बाकावरून "स्टेपनी आली" अशी कुजबुज होई. तेव्हा लागायचे मला. घरी बोललो नाही, पण लागायचे.

"पण सर, वसईचा वेढा तुम्ही त्या ऑफ तासाला सांगितलात. १७३९. आपला वर्सोव्याचा किल्लाही त्याच मोहिमेत मराठ्यांनी घेतला, ते मी अजून पोरांना सांगतो."

काय बोलणार? मी त्याला आणखी एक कप चहा घेऊन जा म्हटले. मग त्याला विचारले, पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा होड्यांचे काय करता? तो म्हणाला, वर ओढून घेतो, खालून डागडुजी करतो, रंग देतो, नारळी पौर्णिमेआधी सगळे तयार. मग गाडीला तेच कर म्हटले. १ जून ते ३१ जुलै बंदी असते. त्यात एकदा स्टेपनी खाली उतरव, धू, दोराला आणि गरारीला ग्रीस लाव, हवा बघ आणि परत चढव. आणि एरवीही दर दोन-तीन महिन्यांनी तिची विचारपूस कर.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "सर, उतरवली. सहज उतरली."