‘सिंहासन’चे मानकरी : रंगभूमीवरून पडद्यावर

मराठीतील राजकीय चित्रपटांचा विषय निघाला की १९७९ सालच्या ‘सिंहासन’चे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवर आधारलेल्या या कृष्णधवल चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकर यांची, तर दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे. मुख्यमंत्र्यांची खुर्ची, तिच्याभोवती चाललेली कारस्थाने, कामगार चळवळ, तस्करी आणि हे सारे जवळून पाहणारा एक पत्रकार असा त्याचा विस्तृत पट आहे. चित्रपटात रूढ अर्थाने नायक नाही, नायिकाही नाही. सारा भार अभिनेत्यांच्या समूहावर आहे. हा समूह कुठून आला, हे पाहिले म्हणजे त्या काळातील मराठी अभिनयाचे वैभव ध्यानात येते.

भूमिकांची अदलाबदल

जब्बार पटेल यांच्या ‘सामना’ (१९७५) या पहिल्या चित्रपटात निळू फुले यांनी साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील, तर डॉ. श्रीराम लागू यांनी त्याला प्रश्न विचारणारा मास्तर रंगवला होता. ‘सिंहासन’मध्ये पारडे फिरले. मुख्यमंत्र्यांना पदच्युत करण्यासाठी डाव टाकणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे झाले लागू, आणि हताशपणे सारे पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस झाले निळू फुले. पडद्यावरचा खलनायक म्हणून ज्यांची ओळख पक्की झाली होती, त्या निळूभाऊंना सदसद्विवेकाची भूमिका देणे हे धाडसच होते. शेवटी भान हरपलेला दिगू हीच या चित्रपटाची सर्वांत ठळक आठवण ठरली.

निळू फुले यांची जडणघडण पाहता ही निवड मात्र अनपेक्षित वाटत नाही. पुण्यातील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळीकाम केले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून ते घडले. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने त्यांना नाव दिले, अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) या चित्रपटाने पडदा दिला आणि १९७२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ने त्यांच्या अभिनयाची खोली सिद्ध केली. १३ जुलै २००९ रोजी त्यांचे निधन झाले.

शल्यविशारद ते नटसम्राट

सातारा येथे १९२७ साली जन्मलेले श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद. पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच त्यांना नाटकाची गोडी लागली. पुढे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेतून ते भालबा केळकर यांच्यासोबत काम करू लागले. काही काळ आफ्रिकेत वैद्यकीय व्यवसाय केल्यानंतर १९६९ मध्ये, वयाची चाळिशी उलटल्यावर, त्यांनी ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून पूर्णवेळ अभिनय पत्करला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७० मध्ये, वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ आले. स्थिर उत्पन्नाचा व्यवसाय सोडण्याचा हा निर्णय मराठी रंगभूमीला किती फळला, हे वेगळे सांगायला नको. १७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

या संदर्भात एक योगायोग नोंदण्याजोगा आहे. लागूंनंतर ज्यांनी आप्पासाहेब बेलवलकर रंगभूमीवर साकारले, त्यांपैकी दत्ता भट आणि सतीश दुभाषी हे दोघेही ‘सिंहासन’मध्ये आहेत. शिवाय, या चित्रपटात छोटी भूमिका करणारा एक तरुण नट पुढे २०१६ च्या ‘नटसम्राट’ चित्रपटात आप्पासाहेब झाला. तो म्हणजे नाना पाटेकर. एकाच चित्रपटात असे चार ‘नटसम्राट’ एकत्र आले.

मुख्यमंत्री जिवाजीराव

मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे यांची भूमिका अरुण सरनाईक यांच्याकडे गेली. कोल्हापूरच्या या देखण्या नटाच्या घरात संगीत आणि रंगभूमी दोन्ही नांदत होते. वडील शंकरराव सरनाईक गायक-नट, तर काका निवृत्तीबुवा सरनाईक नामवंत शास्त्रीय गायक. ‘घरकुल’ आणि ‘मुंबईचा जावई’ (दोन्ही १९७०) यांसारख्या चित्रपटांतून लोकप्रिय झालेल्या या नायकाने ‘सिंहासन’मध्ये नायकी थाट बाजूला ठेवला. वरून शांत, पण आतून सतत सावध असलेला सत्ताधीश त्यांनी नजरेतून आणि संयत बोलण्यातून उभा केला. जून १९८४ मध्ये मोटार अपघातात त्यांचा अकाली अंत झाला.

प्राध्यापक, मनोविकारतज्ज्ञ, चित्रकार

अन्य कलावंतांची पार्श्वभूमीही तितकीच विविध आहे. मधुकर तोरडमल हे अहमदनगर येथे इंग्रजीचे प्राध्यापक होते. स्वतः लिहिलेल्या ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ने त्यांना घराघरांत पोहोचवले. २०१७ मध्ये ते निवर्तले. डॉ. मोहन आगाशे हे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकारशास्त्राचे अध्यापक. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मधील नाना फडणवीस ही त्यांची गाजलेली भूमिका. पुढे १९९७ ते २००२ या काळात ते पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचे संचालक होते. त्या नाटकाचे दिग्दर्शक जब्बार पटेल स्वतः बालरोगतज्ज्ञ. मुरुड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांनी मुंबईच्या जे. जे. मध्ये उपयोजित कलेचे शिक्षण घेतले होते. ‘गमन’ (१९७८) नंतरचा हा त्यांचा आरंभीचाच चित्रपट.

कामगारनेता डिकास्टा रंगवणारे सतीश दुभाषी ‘ती फुलराणी’ (१९७५) मधील प्राध्यापकाच्या भूमिकेने रसिकप्रिय झाले होते. ‘सिंहासन’नंतर वर्षभरातच, १९८० मध्ये, ते गेले. चित्रपटात रीमा लागूही आहेत. मूळच्या नयन भडभडे असलेल्या रीमा यांच्या आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरील अभिनेत्री. रीमा यांचे निधन मे २०१७ मध्ये झाले.

समूहाचे बळ

तमाशापटांत मुरलेले, मुंबईची व्यावसायिक रंगभूमी गाजवलेले आणि पुण्याच्या प्रायोगिक नाटकांत घडलेले असे तिन्ही प्रवाहांतले नट ‘सिंहासन’मध्ये एकत्र आले. त्यांपैकी अनेकांनी अभिनयाखेरीज दुसरा व्यवसाय केला होता. रुग्णालय, महाविद्यालय, बागकाम यांतून त्यांनी माणसे जवळून पाहिली होती. म्हणूनच त्यांचे मंत्री, पुढारी आणि पत्रकार साचेबंद वाटत नाहीत. यांतील बहुतेक कलावंत आज हयात नाहीत. त्यांची रंगमंचावरची कामे प्रयोगांबरोबरच विरून गेली, आणि दुभाषींसारख्या नटाला पडदा फार थोडा लाभला. नव्या पिढीला हे सारे एकत्र, ऐन बहरात पाहायचे असतील, तर ‘सिंहासन’इतके चांगले दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल.