होसकोट्याच्या वाटेवर

बेंगळुरूहून कोलारकडे निघालेल्या जुन्या मद्रास रस्त्यावर होसकोटे लागते. शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत ते होते, हे आपण मुलाबाळांना अभिमानाने सांगतो. पुढली हकीकत मात्र बहुधा गाळली जाते. दि. २२-२३ ऑगस्ट १७६८ च्या रात्री हैदर अलीने येथे गुत्तीकर मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर छापा घातला. मुरारराव त्या वेळी इंग्रजांच्या बाजूस होते! छापा फसला, परंतु १७७६ मध्ये गुत्ती पडली व मुरारराव हैदराच्या कैदेत गेले. सहलीची गाडी तळ्याकाठी थांबवून वडीलधाऱ्यांनी हेही सांगावे. आपले पूर्वज कोणत्या सरदाराबरोबर इकडे उतरले, हे कित्येक घरांत केवळ आजीच्याच स्मरणात उरले आहे. तिलाही त्या गाडीत पुढची जागा द्यावी.